साताऱ्याचं तिकीट मिळालं नाही म्हणून अल्माटी

गोवा एक्स्प्रेसचं वेटिंग १४० च्या पुढे गेलं होतं. निजामुद्दीनला बसायचं आणि थेट साताऱ्याला उतरायचं, हा माझा नोएडात आल्यापासूनचा शिरस्ता. पण २०२५ चा दसरा नेमका गांधी जयंतीला, तोही गुरुवारी. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस सुट्टी, हे गणित दिल्लीतल्या तमाम मराठी माणसांनी माझ्याआधी करून ठेवलेलं. पुण्याच्या विमानाचं येण्याजाण्याचं भाडं एकोणीस हजार दिसत होतं. मला राग आला. त्या रागातच तारखा तशाच ठेवल्या, 'कुठे' या चौकटीतलं पुणे खोडून 'कुठेही' निवडलं आणि स्वस्तापासून महागाकडे यादी लावली.

अल्माटी, कझाकस्तान. जाऊन-येऊन २३,४००. भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. निघायला पाच दिवस होते.

आईला फोन केला. "दसऱ्याला घर सोडून कुठं निघालीस?"

"सीमोल्लंघनाला."

"सीमोल्लंघन गावाच्या वेशीपर्यंत असतं गं," आई म्हणाली. "आणि एकटी? तिथं जाऊन फायदा काय?"

हा 'फायदा' पुढे मला अल्माटीच्या बाजारात भेटणार होता, पण ते नंतर.

गुरुवार, २ ऑक्टोबर

खर्चाची शिस्त म्हणून तिकिटाशिवाय शंभर डॉलरची एकच नोट घेतली होती. कार्ड होतं, पण ते अडीअडचणीला. एप्रिल २०२५ पासून आपल्या विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद होतं, त्यामुळे तिकीट कझाक कंपनीचं होतं. बसल्या बसल्या एक काम उरकलं, ते म्हणजे लिपी शिकले. कझाक भाषा रशियन वळणाच्या लिपीत लिहितात. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'सी'सारखं 'स', 'एच'सारखं 'न'. पुढच्या चार दिवसांत या एका तासाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

उतरताना उजव्या खिडकीतून पांढरे डोंगर दिसले. त्यांच्या पायथ्याशी हे शहर आहे. घड्याळ फक्त अर्धा तास मागे करायचं. १ मार्च २०२४ पासून त्यांनी एवढ्या प्रचंड देशाची एकच वेळ केली, त्यामुळे पूर्वेकडच्या अल्माटीत ऑक्टोबरात साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. मी विमानतळाबाहेर आले तेव्हा अंधार पडत होता.

डॉलर मोडून ५४ हजारांवर टेंगे हातात आले. रुपयाला सहा टेंगे, म्हणजे भागाकार सोपा. ९२ नंबरची बस शहरात जाते हे वाचलेलं होतं, पण बसमध्ये पैसे 'ओनाय' नावाच्या कार्डाने देतात हे वाचूनही विसरले होते. हातात पाच हजारांची नोट धरून मी यंत्रासमोर उभी, मागे रांग. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईंनी मला किंचित बाजूला सारलं, आपलं कार्ड दोनदा टेकवलं आणि जाऊन बसल्या. त्यांना पैसे द्यायला गेले तर त्यांनी हात असा झटकला, जसा माझी आजी माशी हाकलायला झटकायची. तिकीट वीसेक रुपयांचं. पण परक्या देशात उतरल्यावर पहिला खर्च दुसऱ्या कुणीतरी केला, तो विसरला जात नाही.

मग मी हरवले. होस्टेलवाल्या बाईंचा निरोप होता, 'स्टॉपवरून दोन चौक वर या.' मी नकाशात पाहिलं, वर म्हणजे उत्तर. दोन चौक गेले, चार गेले, घर काही येईना. एका मुलाला फोन दाखवला तर तो उलट्या दिशेला हात करून म्हणाला, "वर तिकडे."

अल्माटीत वर म्हणजे दक्षिण. डोंगर दक्षिणेला, शहर त्यांच्या उतारावर, त्यामुळे माणसं डावं-उजवं फारसं सांगतच नाहीत. वर, नाहीतर खाली. हे मला, साताऱ्याच्या मुलीला, कळू नये! अजिंक्यतारा आमच्याही दक्षिणेलाच आहे, आणि आमच्या गावात वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असे दोन रस्ते आहेत, ज्यांची पाटीवरची नावं फक्त पोस्टमनला माहीत. फुटपाथच्या कडेने 'आरिक' म्हणतात ते उघडे पाट जातात, डोंगरातलं पाणी झाडांना घालायला. त्या मुलाने पायाखाली बोट दाखवलं. पाणी समोरून येत असेल तर तुम्ही वर चाललात, मागून येत असेल तर खाली. त्यानंतर मी नकाशा उघडला नाही.

होस्टेल म्हणजे जुन्या सोव्हिएत इमारतीतला मोठा फ्लॅट. सहा खाटांची बायकांची खोली, रात्रीचे पाच हजार टेंगे, म्हणजे साडेआठशे रुपयांच्या आत. मालकीणबाई साठीच्या. सगळे त्यांना 'आपा' म्हणत होते, मीही म्हणाले. त्यांनी पासपोर्ट उघडून विचारलं, "बिर आप्ता?"

दसऱ्याच्या दिवशी कझाकस्तानात कुणी आपट्याबद्दल विचारतंय! मी बघतच राहिले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सात दिवसांवरून बोट फिरवलं. आप्ता म्हणजे आठवडा, म्हणजे आपला हप्ता. मी तीन बोटं दाखवली.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी आपांनी चहाला बसवलं. दूध घातलेला चहा, कपाऐवजी 'केसे' नावाच्या बिनकानाच्या वाडग्यात, आणि तोही अर्धाच. मला वाटलं, स्वस्त होस्टेल, कटिंग देत असतील. संपला, परत अर्धा. परत संपला, परत अर्धा. शेजारी बसलेल्या करागंडाच्या विद्यार्थिनीने इंग्रजीत समजावलं, थोडा ओतायचा म्हणजे गरम राहतो, आणि पाहुण्याचं वाडगं पुन्हा पुन्हा भरायला मिळतं. काठोकाठ भरून दिला तर समजायचं, आता उठा. मी पाच वाडगी प्यायले. आमच्याकडे 'अर्धाच दे' म्हणणारा पाहुणा भिडस्त. इथे अर्धा देणारा यजमान दिलदार.

होस्टेलपासून चालत कोक बाजार. नकाशात 'ग्रीन बझार'. कझाकमध्ये 'कोक' हा शब्द निळ्यालाही चालतो आणि हिरव्यालाही, त्यामुळे आकाशही कोक आणि गवतही कोक. आत गेल्यावर पहिल्यांदा वास येतो सुक्या मेव्याचा, मग लोणच्यांचा, मग मांसाचा.

मला रशियन येत नाही, कझाक येत नाही, आणि बाजारातल्या बायकांना इंग्रजी येत नाही. पण सुक्या मेव्याच्या गाळ्यावर मी सहज मराठीत "बदाम?" म्हणाले, आणि बाई "बादाम, बादाम" म्हणत मूठ पुढे करू लागली. मग मला चेवच आला. पिस्ता? पिस्ते. किसमिस? किशमिश. अंजीर? इंजीर. वजन करायचा काटा दाखवून मी म्हणाले, तराजू. ती म्हणाली, "ताराझी." आता आमच्याभोवती शेजारच्या दोन गाळेवाल्या जमल्या होत्या. विद्यार्थिनीकडून सकाळी ऐकलेला एक शब्द मी हवेत टाकला, "पायदा?" तिघी हसल्या. पायदा म्हणजे फायदा, आणि दुकानदाराला तो विचारणं म्हणजे काय ते माझं मला कळलं. भाव जास्त वाटला की म्हणायचं 'किम्बात', महाग. आपल्या 'किमती'चाच भाऊ वाटतो. जर्दाळूपाशी मात्र गाडी अडली. तो इथे 'ओरिक'. एवढा फारसी शब्द, आणि नेमका तोच चालला नाही.

एकदा हा नाद लागल्यावर शहरभर पाट्या वाचत फिरले. 'दुकेन' म्हणजे दुकान, 'साबिन' म्हणजे साबण, 'दोस' म्हणजे दोस्त. 'खाना' लावून तर त्यांनी अर्धं शहर वसवलंय. 'आसखाना' खानावळ, 'कितापखाना' वाचनालय, 'बास्पाखाना' छापखाना. सगळ्यात मजा आली ती कोपऱ्या-कोपऱ्यावर हिरव्या क्रॉसखाली लिहिलेल्या 'दारिखाना'ने. मुंबईत रे रोडला दारूखाना आहे, तिथे एके काळची तोफांची दारू. इथल्या दारिखान्यात औषध मिळतं. फारसीत दारू म्हणजे मुळात औषधच. वाटेत आपण त्याचं काय काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे.

शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश केला तो असले फारसी शब्द काढून संस्कृत घालायला. काम चोख होतं. पण काही शब्द हट्टाने राहिले, आणि मी त्यांच्यावर पोट भरलं.

पोटाचं म्हणाल तर, बाजाराच्या मांस विभागात घोड्याच्या मांसाचा वेगळा भाग आहे. 'काझी' म्हणतात ती आतड्यात भरलेली घोड्याच्या बरगड्यांची वळकटी, लटकवून ठेवलेली. विक्रेत्याने सुरीच्या टोकावर चकती पुढे केली. मी मटण खाते, चवीला ना म्हणायची सवय नाही, पण आमचं कुळदैवत पालीचा खंडोबा. ज्या देवाच्या घोड्याच्या पाया पडून लहानाची मोठी झाले, तो घोडा सुरीच्या टोकावर घेववेना. मी छातीवर हात ठेवून "रख्मेत", म्हणजे धन्यवाद, म्हणाले. त्याने चकती स्वतःच खाल्ली.

त्याऐवजी कोरियन बायकांच्या गाळ्यांवर गेले. अल्माटीत कोरियन कशा? १९३७ मध्ये स्टालिनने सोव्हिएत अतिपूर्वेतल्या पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन लोकांना गाड्यांत कोंबून मध्य आशियात आणून सोडलं. किमचीला लागणारी कोबी इथे मिळेना, म्हणून त्यांनी गाजराची केली. लांब किसलेलं गाजर, लसूण, तिखट, व्हिनेगर, धन्याची पूड आणि वरून कडकडीत तापवलेलं तेल. म्हणजे फोडणीच. गाजराची कोशिंबीर परदेशात जाऊन आंबट झाली तर अशी लागेल. पाव किलो घेतली, तंदुरातली गरम गोल नान आणि भोपळ्याची समसा घेतली. समसा म्हणजे समोशाची आजी, भाजलेली. तिन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत, आणि रात्रीलाही उरलं.

दुपारी पानफिलोव्ह बागेतलं चर्च. १९०४ ते १९०७ या काळात बांधलेलं, संपूर्ण लाकडी, इंजिनिअर आंद्रेई झेंकोव्ह. पिवळा, पांढरा, लाल आणि घुमटांवर रंगीत चौकटी. पहिल्यांदा वाटतं केकच आहे. एकही खिळा न वापरता बांधलंय असं सगळे सांगतात. ते खरं नाही, लोखंडी बोल्ट आहेत. खरी गोष्ट त्याहून भारी आहे. शहराचं नाव तेव्हा व्हेर्नी. १८८७ च्या भूकंपात विटांचं गाव जमीनदोस्त झालं, म्हणून हे तिएनशान डोंगरातल्या स्प्रूसच्या लाकडात बांधलं. जानेवारी १९११ मध्ये परत मोठा भूकंप आला. गावातली घरं पडली, हे डुललं आणि उभं राहिलं.

तिथल्या बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात ती सहा वर्षांची होती. दगडमातीच्या भिंती रात्रीत बसल्या, आणि पुढे कित्येक दिवस सगळं गाव थंडीत खळ्यावर झोपलं, हे मी शंभरदा ऐकलंय. चर्च दाखवलं, गोष्ट सांगितली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडं कुणी लाकडाचं सांगितलंच नाही." आणि लगेच, "स्वेटर घातलायस ना?"

शनिवार, ४ ऑक्टोबर

आजचा बेत मेदेऊ. कझाकस्तान हॉटेलपासून १२ नंबरची बस तासाभरात थेट डोंगरात नेते, शहरातल्या बसच्याच तिकिटात. (ओनाय कार्ड आता माझ्याकडे होतं. काल एका शाळकरी मुलाचं तिकीट त्यातून टेकवलं; गुरुवारचं देणं कुठेतरी फेडायलाच हवं होतं.) हॉटेलसमोरच्या हमरस्त्याचं नाव 'दोस्तिक', म्हणजे मैत्री. आधी तो लेनिनचा रस्ता होता.

मेदेऊ म्हणजे समुद्रसपाटीपासून १,६९१ मीटरवरचं स्केटिंगचं उघडं मैदान. मला बघायचं होतं ते त्याच्या वरचं धरण, ज्यात एरवी पाणी नसतंच. या डोंगरांतून चिखल-दगडांचे लोंढे शहरावर येतात. १९२१ मध्ये असा लोंढा शहरात शिरून मोठी हानी झाली होती. मग १९६६-६७ मध्ये सोव्हिएत इंजिनिअरांनी दोन्ही बाजूचे डोंगर सुरुंगांनी उडवून दरीतच बांध घातला. आधी पुष्कळांना हे वेड वाटलं. जुलै १९७३ मध्ये खरोखरच लोंढा आला, धरण जवळपास तुडुंब झालं, आणि खालचं शहर वाचलं.

धरणावर जायला ८४२ पायऱ्या. फुकट. शिम्बुलाकला जाणारी केबल कार शेजारून डोक्यावरून जात होती; तिचं तिकीट माझ्या एका रात्रीच्या खाटेपेक्षा महाग. पाकिटात उरलेले पैसे मोजले. केबल कार घेतली तर आईचे जर्दाळू जाणार होते. पायऱ्या.

पहिल्या दोनशे सज्जनगडाच्या ऐटीत चढले. नंतर हवा विरळ आहे की माझं बैठं काम नडतंय, हा प्रश्न पडला. एक आजी, हातात दोन काठ्या, माझ्यापुढे वीस पायऱ्यांचं अंतर राखून चालल्या होत्या. मी थांबले की त्याही थांबायच्या, मागे वळून बघायच्या आणि वर काठी दाखवायच्या. बोलणं काही नाही. वर पोहोचल्यावर त्यांनी खिशातून एक पांढरी सुपारीएवढी गोळी काढून दिली. 'कुर्त', दह्याचा चक्का मीठ घालून वाळवलेला. दातांनी फुटेना. चघळत राहिले तशी आधी खारट, मग आंबट, मग उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यांच्या ताटासारखी चव तोंडभर पसरली. आजी काठ्या टेकत खाली निघूनही गेल्या. ती गोळी मला परत बस मिळेपर्यंत पुरली.

कोक-तोबेच्या टेकडीवरून रात्रीचं शहर छान दिसतं म्हणतात. तिथे बीटल्सचा पुतळाही आहे. गेले नाही. पाय गेले होते.

त्याऐवजी मेट्रोत बसून शहराच्या खालून फिरले. काम १९८८ मध्ये सुरू झालं, मग देशच बदलला, पैसे संपले, आणि पहिली गाडी धावली १ डिसेंबर २०११ ला. स्थानकं अकराच, पण एकेक दिवाणखान्यासारखं, आणि सरकते जिने इतके खोल की बायका वेणी घालून घेतात. 'बायकोनूर' स्थानकात उतरून अर्धा तास बसले. अंतराळतळ इथून कितीतरी लांब, पण याच देशात आहे. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा तिथूनच वर गेले. शाळेत आम्ही रशियातून गेले असं पाठ केलं होतं, कारण तेव्हा हे सगळं रशियाच म्हणायचं.

रविवार, ५ ऑक्टोबर

शेवटच्या सकाळी परत कोक बाजार. जर्दाळूवाली बाई ओळखून हसली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पायदा!" दीड किलो घेतले. किम्बात म्हणून बघितलं. तिने शंभरेक टेंगे सोडले आणि मूठभर किसमिस वर टाकली.

मग सफरचंद. शहराच्या नावातच 'अल्मा' आहे, सफरचंद. जगभरच्या सफरचंदांचं मूळ या डोंगरांतल्या रानटी झाडांत आहे, हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्हने १९२९ मध्ये इथे येऊन पाहिलं. बाजारातलं नावाजलेलं फळ मात्र 'आपोर्त', ते रशियातल्या वोरोनेझकडून आलं आणि या मातीत वाढून लहान मुलाच्या डोक्याएवढं झालं. ऑक्टोबर हा त्याचा मोसम. एकच घेतलं, तराजूवर साडेचारशे ग्रॅम भरलं.

आपांचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी चहा ओतला, आणि या वेळी वाडगं काठोकाठ भरलं. मी दचकून विद्यार्थिनीकडे बघितलं. ती फिस्सकन हसली. आपांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. विमान होतं, उठायलाच हवं होतं.

बस, विमानतळ. फळं भारतात न्यायला कागदपत्रं लागतात, म्हणून आपोर्त सुरक्षा तपासणीनंतर बाकावर बसून खाल्लं. मऊसर, वासाला गुलाबासारखं, गोडीला आपल्या हिमाचलीपेक्षा कमी. निम्म्यावर पोट भरलं. पण टाकायचा प्रश्न नव्हता, शेवटची फोड विमानाच्या दारात संपवली. पाकिटात चार हजार टेंगे उरले होते, म्हणजे शंभर डॉलर पूर्ण संपलेच नाहीत.

दिवाळीला साताऱ्याला गेले तेव्हा (तिकीट साठ दिवस आधी काढलं होतं) आईने जर्दाळूची पिशवी उघडली, एक चाखला, बी फोडून आतलं बदामासारखं बी काढलं, तेही खाल्लं.

"चांगलेयत," ती म्हणाली. "केवढ्याला पडले?"

मी विमानाचं धरून सांगितलं.

"खालच्या रस्त्याला मिळतात गं हे," आई म्हणाली, आणि पिशवीला गाठ मारून वरच्या फळीवर ठेवली, पाहुण्यांसाठी.